भीमाचं पारडं

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. कबनूरच्या आमच्या घराची मागची भिंत हीच कारखान्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे आण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चार माग सकाळपासून खडखडत असायचे. फळीवरची ताटं आपोआप सरकत सरकत कडेला यायची आणि दिवसातून दोनदा ती मागं ढकलणं हे माझं काम होतं. कुणाला बोलवायचं तर खांद्याला हात लावायचा, लांब असेल तर फडकं हलवायचं, आणि बोलणं ऐकायचं नाही, ओठांवरून वाचायचं. आई चुलीपुढून नुसते ओठ हलवायची, ‘पीठ संपलं’, आणि आण्णा कारखान्याच्या दारातून मान डोलवायचे. पाहुण्यांना वाटायचं, या घरात सगळ्यांचं भांडण झालेलं दिसतंय. अजूनही माझी सून मला विचारते, आई, तुम्ही बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे का बघता? मी तिला म्हणते, डोळे खोटं बोलतात. खरं कारण सांगायला बसले तर तिची भाजी करपेल.

माझ्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. मी सातवीत असताना तो हलला, आणि सुईण बाहेर आली ती थेट हात धुवायला गेली. तिच्या मागून तानीआत्या आली. ही आण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्याकडेच राहणारी आणि घरात सगळ्यात वरचा आवाज असलेली. मागांच्या खडखडाटावरून ऐकू जाईल असं बोलणारी आमच्यात ती एकटीच. तिनं मला बाळ दाखवलं. वरचा ओठ मधून उभा फाटून थेट नाकपुडीत गेलेला. रडायला तोंड उघडलं की आत टाळू असते तिथं नुसती मोकळी जागा. मला भीती वाटली नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. मला एवढंच वाटलं की याचं तोंड वाचायला जरा वेळ लागेल.

“गिरानात इळीवर बसलीस तू,” आत्या आईला म्हणाली. “दुसरं काय बी न्हाय.”

“न्हाय वन्सं,” आई म्हणाली. “तुमीच मला चटईवर झोपीवलंतासा. मी कूस सुदीक बदलली न्हाय.”

हे खरं होतं. ग्रहणभर आत्या स्वतः तिच्या उशाशी राखण करत बसली होती. पण ग्रहणाचा दोष एकदा काढला की मागं घेता येत नाही, म्हणून आत्यानं विषय बदलला आणि माडग्यासाठी हुलगे भाजायला घेतले. आत्याचं हे असं होतं. जिभेनं सोलून काढायची आणि त्याच वेळी हातानं वाढत राहायची. त्या महिन्यात आमच्या घरात जे शिजलं ते मला आजही वासासकट आठवतं. सकाळी हुलग्याचं गरम माडगं, दुपारी ज्वारीची ऊन भाकरी, शेपूची भाजी आणि उडदाचं घुटं, संध्याकाळी आळिवाची खीर, शिवाय डब्यात डिंकाचे लाडू. सगळं कशासाठी, तर आईला दूध यावं म्हणून. आणि दूध आलंही भरपूर. आईचं लुगडं पुढून भिजलेलं असायचं, आणि तिच्या मांडीवर पोर वाळत चाललं होतं. भरल्या घरात एकटं तेच उपाशी होतं आणि आम्हाला कुणाला ते कळत नव्हतं.

कळलं नाही याचं कारण आमचे माग. आई त्याला छातीशी धरायची. तो गाल हलवायचा, धडपडायचा, कपाळावर घाम यायचा, आणि मग झोपून जायचा. झोपला म्हणजे पोट भरलं, असं आम्ही धरून चाललो. रडतही नव्हता. ज्या घरात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, तिथं अर्धपोटी तान्ह्याचा आवाज कुठला पोचणार? बघायला येणाऱ्या बायकांना आत्या त्याचं तोंड फडक्यानं झाकून फक्त कपाळ दाखवायची आणि म्हणायची, “लई गुणाचं हाय. आवाज म्हून करत न्हाय.” आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, पण तेव्हा बघायला आलेल्या बायकांच्या गलक्यानं घर भरलेलं असायचं, आणि रात्री तो दमून झोपलेला असायचा. एका बंदच्या दिवशी कुणी आलं नाही. माग थांबले, घर गप्प झालं, आणि आम्ही जेवायला बसलो असताना आतून मांजराच्या पिलासारखा एक बारीक, न थांबणारा आवाज आला. आईनं हातातला घास ताटात ठेवला. तो आवाज रोजचा होता. आम्ही तो पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी आण्णा, आई आणि मी त्याला घेऊन एसटीनं कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण तुसडे नव्हते. त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, मांडीची सुटी कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि म्हणाले, “ओठ शिवता येतो. पुढं टाळूही शिवता येते. चांगला दिसेल, बोलेलसुद्धा. पण आज याच्या अंगात काहीच नाही, भूल सोसणार नाही. पाच किलोचा करून आणा, मी ओठ शिवून देतो.” मग त्यांनी आईला नीट सांगितलं, की याला ओढून पिता येणार नाही, दूध काढून चमच्यानं पाजा, उभा धरून पाजा, थोडं थोडं पाजा, मधे मधे ढेकर काढा. आईनं सगळ्याला मान डोलावली. परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, “अंगावरचं दूद सोडून चमचा कशापायी?”

घरी आत्यानं डॉक्टरांचं निम्मं ऐकलं. चमच्याऐवजी तिनं माळ्यावरून बोंडलं काढलं, तेच चोचीचं भांडं ज्यातून आण्णा प्याले होते आणि मीही. आणि पाजायची रीत तीच, पाय लांब करायचे, त्यावर पोर आडवं निजवायचं आणि चोच तोंडात द्यायची. उभं धरायचं तिला पटेचना. “महिन्याचं पोर उबं धरत्यात व्हय? मान मोडंल की!” दूध तोंडात पडलं की उघड्या टाळूतून वर चढायचं आणि नाकातून बाहेर यायचं. तो गुदमरायचा, काळानिळा पडायचा. मग आई त्याला हिसकून घेऊन परत छातीशी लावायची, तो पुन्हा धडपडायचा आणि दमून झोपायचा. बाराव्या दिवशीचं बारसं आत्यानं आधीच पुढं ढकललं होतं. आता तिनं तो विषयच बंद केला. जाणाऱ्या पोराला नाव ठेवू नये, असं तिनं मला नव्हे, आईलाही नव्हे, देवघराकडे तोंड करून सांगितलं. मी ते बाजूनं तिच्या ओठांवर वाचलं. मला असा संताप आला की मी तिथंच मोठ्यानं म्हणाले, “ह्येचं नाव भीमा हाय!” मागांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून मी अंगणात जाऊन पुन्हा ओरडले. चिपाडासारख्या पोराचं नाव भीमा. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसेनात का बापड्या. नाव तेच राहिलं.

आता धोट्याबद्दल सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांनी धोटा पाहिलेलाच नाही. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारं होडीच्या आकाराचं लाकूड. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची आमच्याकडची पद्धत एकच. भोकाला बाहेरून ओठ चिकटवायचे आणि आत श्वास ओढायचा, की टोक जिभेवर येतं. आण्णा दिवसभर हे इतक्या वेळा करायचे की त्यांना धोटा उचललेला कळायचाही नाही. याच सवयीनं पुढं त्यांच्या छातीत कापूस जमला आणि म्हातारपणी खोकल्यानं त्यांना छळलं. पण त्या दिवसांत आमच्या गावात ज्याला ओढ मारता येत नाही तो विणकर नव्हेच.

एके दिवशी सकाळी मागावरून धोटा उडाला आणि सरळ आण्णांच्या तोंडावर बसला. वरचा ओठ फाटला. गावातल्या डॉक्टरनं दोन टाके घातले, आणि दुपारी आण्णा परत मागावर. मी कोपऱ्यात कांड्या भरत होते, तिथून मला ते दिसत होते. त्यांनी कांडी बसवली, धोटा तोंडाला लावला आणि ओढ मारली. सूत आलं नाही. सुजलेला ओठ भोकावर चिकटतच नव्हता, बाजूनं हवा शिरत होती. त्यांनी पुन्हा ओढलं. गाल आत गेले, मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. परत ओढलं. सूत जिथल्या तिथं. मी उठले, म्हटलं, आपण ओढून द्यावं. पण आण्णा धोटा तोंडापासून लांब धरून त्याच्याकडे बघत उभे राहिले होते. मग त्यांनी एक एक करत चारही माग बंद केले. भर दिवसा वीज असताना आण्णांनी आपण होऊन माग बंद केलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आत्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

आण्णा धोटा घेऊन आईपुढं जाऊन बसले. ओठाला टाके, बोलताना दुखत होतं, पण त्या दिवशी त्यांना सगळ्यांनी कानानं ऐकायला हवं होतं.

“अगं, ह्यो कामचुकार न्हाय,” ते म्हणाले. “त्येला दूद नको झालंय आसं बी न्हाय. माजा निसता ओठ फाटलाय तर मला सूत वढंना. ह्येचा ओठ फाटलाय आन टाळू बी उगडी. वारं तोंडात टिकतच न्हाय. दीसभर वढतंय बिचारं, आन हातात काय बी येत न्हाय. म्या चार डाव वढलं तर मला घाम सुटला. ह्यो महिनाभर वढतोय!”

आई बाळाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. ते रडणं दुःखाचं नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपलं दूध आपल्याच पोराला नकोसं झालंय.

“डाक्टर ह्येच सांगत हुता की,” आण्णा म्हणाले. “आपुन मान हलीवली आन घरला आलो.”

“आन मानंचं काय?” आत्या अजून हटायला तयार नव्हती.

“मान म्या धरतो. शकू पाजंल.”

शकू म्हणजे मी. एवढ्या मोठ्या कामाला माझं नाव त्यांनी का घेतलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुतेक माझी बोटं बारीक होती आणि कांडीवर सूत न तोडता चालायची, म्हणून असेल. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढं लग्नात वाटलं नाही, नोकरी लागली तेव्हाही वाटलं नाही. आणि तेव्हा आत्यानं एक गोष्ट केली. ती उठली, हात धुतले, देवघरात गेली आणि तीर्थाची पळी घेऊन आली. लहानशी, अरुंद तोंडाची, तिच्या सासूनं दिलेली तांब्याची पळी, जिला मी शिवले तरी ती पाठीत धपाटा घालायची. “चमच्यातनं धार जास्त येती,” ती म्हणाली. “ही घे. देव न पिता जगतोय.” आईनं पळी पाण्यात उकळून घेतली, आणि आण्णांच्या छातीला पाठ टेकवून उभ्या धरलेल्या भीमाला मी पहिली पळी पाजली. थोडं नाकातून आलं. बाकीचं आत गेलं.

मग तीच आमच्या घराची रीत झाली. आई दूध काढून वाटीत द्यायची, मी पाजायची, आणि आण्णा मागावर असले की भीमाला मागून धरायला आत्या बसायची. तीच आत्या, आता सगळ्या गल्लीला सांगायची की पोरं उभीच धरून पाजावीत! मागांच्या आवाजात त्यानं घोट गिळला की नाही ते मला ऐकू यायचं नाही, म्हणून मी डाव्या हाताचं एक बोट त्याच्या गळ्यावर ठेवायची. गळा हलला की पुढची पळी. घाई केली की खोकला, आणि खोकला आला की सगळं प्यालेलं बाहेर. एका वाटीला इतका वेळ लागायचा की वाटी संपेपर्यंत पुढच्या दुधाची वेळ व्हायची. शाळेला जायच्या आधी मी, आल्यावर मी, मधे आई. माझ्या बाई म्हणाल्या, शकुंतला, तुझ्या अंगाला दुधाचा वास येतो. मी म्हटलं, व्हय बाई, येणारच. आज माझी बोटं संधिवातानं वाकडी झालीत, पण त्या बोटाखाली हलणारा गळा मला अजून जाणवतो.

आण्णांनी सुताच्या तराजूवर पाच किलो सूत मोजून एका धडप्यात बांधलं आणि ते गाठोडं कारखान्याच्या खुंटीला लावलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. वीज बंद असायची त्या दिवशी तराजू आढ्याला टांगायचे, एका पारड्यात गाठोडं आणि दुसऱ्यात अंगडं-टोपडं काढलेला भीमा. पहिल्या वेळी गाठोडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि भीमा वर, आत्याच्या नाकासमोर लोंबत राहिला. आत्या हसली नाही, मीही हसले नाही. पुढच्या आठवड्यांत तो थोडा थोडा खाली येत गेला, आणि मग त्याला सर्दी झाली, ताप आला, दूध तोंडात राहीना, आणि पारडं पुन्हा वर गेलं. त्या दिवशी आईनं त्याला पारड्यातून उचललं आणि तराजूकडे पाठ करून बसली. आण्णा नुसते म्हणाले, “सूत तुटलं म्हून माग इकत्यात काय?” आणि गाठोडं परत खुंटीला लावलं. मी दुसऱ्या दिवशीपासून पळी आणखी हळू धरली.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी कारखान्यात आम्ही चौघंच होतो. आण्णांनी भीमाला पारड्यात ठेवलं आणि हात काढला. दांडी हलली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि भीमा खाली आला. सावकाश, मोठ्या माणसासारखा खाली आला आणि पारड्यात पाय आपटू लागला. गाठोडं त्याच्या वर लोंबत होतं. आत्या किंचाळली, “दांडी बगा, कुनी हात लावला न्हाय न्हवं?” तिनं स्वतः त्याला उचलून परत ठेवलं. तो परत खाली आला. मग मात्र तिनं पदरानं डोळे पुसले आणि आईला म्हणाली, “गिरानाचं म्या वंगाळ बोललो. तू ते इसर.” आमच्याकडच्या बायका असंच ‘बोललो’ म्हणतात, आणि आत्याच्या तोंडून माफी म्हणून निघालेलं वाक्य आयुष्यात तेवढं एकच. दुसऱ्या दिवशी आण्णांनी ते गाठोडं सोडून सूत मागावर चढवलं. मी म्हटलं, जपून ठेवू या की. ते म्हणाले, सूत काय बगायला असतंय?

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी भीमाला हातावर तोलून पाहिलं आणि विचारलं, कुणी पाजलं याला? आईनं माझ्याकडे बोट केलं. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. तोवर माझ्याशी कुणी हस्तांदोलन केलं नव्हतं, त्यामुळे मी डावा हात पुढं केला, बोट ठेवायचा तो. भीमाचा ओठ शिवला गेला. घरी परतताना आण्णांनी तिथल्याच गंगावेशीत म्हशीच्या ताज्या दुधाचे ग्लास घेतले, सगळ्यांना एक एक आणि मला दोन. पुढं तो चालायला लागल्यावर टाळूचीही शस्त्रक्रिया झाली. बोलणं थोडं नाकातून राहिलं, पण आमच्या घरात त्याची अडचण कुणाला होणार? आम्ही तर तोंडाकडे बघूनच ऐकणारे.

एका दुपारी मी कांड्या भरत होते. भीमा शाळेत जायच्या वयाचा होत आला होता, आणि त्याला मागांजवळ यायला सक्त मनाई होती. तरी तो आला. त्यानं फळीवरचा एक धोटा दोन्ही हातांनी उचलला, त्यात कांडी बसवलेलीच होती, आणि आण्णांचं बघून तोंडाला लावला. आत्या दारातून त्याला ओढायला धावली, तोच आण्णांनी हात आडवा करून तिला थांबवलं. भीमाचे गाल आत गेले. ओठावरचा टाक्यांचा व्रण पांढरा पडला. माझं बोट, काय सांगू, आपोआप पुढं झालं, जणू त्याच्या गळ्यावर ठेवायचंय. मग त्यानं धोटा खाली घेतला, आणि सुताचं टोक त्याच्या ओठावर होतं, बरोबर त्या व्रणावर चिकटलेलं.

आण्णांनी चारही माग बंद केले.

“काय झालं?” भीमानं घाबरून विचारलं. “म्या काय बी मोडलं न्हाय.”

मी ते टोक काढायला हात पुढं केला, तर आत्यानं माझा हात झटकला. “ऱ्हाऊ दे तसंच,” ती म्हणाली. तिनं एवढ्या थोराड पोराला उचलून कमरेवर घेतलं, त्याच्या कपाळावर आलेले केस मागं सारले, म्हणजे तोंड नीट दिसेल, आणि ज्या गल्लीला तिनं त्याचं फक्त कपाळ दाखवलं होतं त्या गल्लीत ती भर दुपारी शिरली. माग बंद होते, म्हणून तिचा आवाज आम्हाला शेवटच्या दारापर्यंत ऐकू येत होता. “ए, भाईर या की समद्या! आमच्या भीमाचं त्वांड बगा!”